टाकी मोठी, नळ बारीक: कॅम्पर ट्रेलरच्या विजेचे आठ महिने

गेल्या ऑक्टोबरात जुना कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला) घेतला आणि 12 व्होल्टची सगळी मांडणी स्वतःच केली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून ग्रॅम्पियन्सचे डोंगर, मंगो राष्ट्रीय उद्यान, फ्लिंडर्सच्या डोंगररांगा आणि जूनच्या थंडीत व्हिक्टोरियातला हाय कंट्री हा डोंगराळ भाग, एवढ्या फेऱ्या झाल्यावर लिहितोय.

आधी हिशोब मांडला होता. 40 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज कडक उन्हाळ्यात दिवसाला 35 अँप-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) खातो. दिवे, पाण्याचा पंप आणि फोन मिळून आणखी दहा. एजीएम, म्हणजे शिशाची बंद बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणून 100 अँप-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. वजन निम्म्याहून कमी, आणि ऐंशी टक्के बिनघोर काढता येते. दोन रात्री निवांत जातात. बॅटरीवर मी तीन आठवडे डोकं खाजवलं, आणि केबलवर दहा मिनिटं. तिथेच फसलो.

मंगोला निघालो तेव्हा बॅटरी 70 टक्के होती. वाटेतल्या मिल्ड्युरापर्यंत सहा तास गाडी चालली, बॉनेटखाली इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर, ट्रेलरमध्ये त्या विजेवर बॅटरी भरणारा 25 अँपचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे पोचेपर्यंत फुल्ल व्हायला हवी. पाहतो तर 74! हिने विचारलं, "एवढा खर्च चार टक्क्यांसाठी?" उत्तर नव्हतं.

घरी येऊन मीटर लावला. दुकानातून आणलेल्या केबलवर "6 एमएम ऑटो" लिहिलेलं. मला वाटलं 6 चौरस मिलिमीटर तांबं. इथे ऑस्ट्रेलियात ऑटो केबलचं ते माप वरच्या प्लास्टिकसकट जाडीचं असतं. आत तांबं साधारण 4.6 चौरस मिलिमीटरच. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरमधल्या चार्जरपर्यंत 9 मीटर, जाऊन-येऊन 18. त्यात 25 अँपला जवळजवळ 1.7 व्होल्ट वाटेतच गळतात. त्यात गाडीचा अल्टरनेटर नव्या पद्धतीचा, इंधन वाचवायला मध्येच साडेबारापर्यंत उतरणारा. चार्जरला जेमतेम 11 पोचायचे. व्होल्ट घटले की तो तेवढीच वीज द्यायला जास्त अँप ओढतो, मग गळती आणखी वाढते, आणि शेवटी मान टाकतो. गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि खालून येणारा नळ करंगळीएवढा, असला प्रकार.

6 बी अँड एस (तांब्याच्या जाडीचं वेगळं माप) केबल ओढली, म्हणजे साडेतेरा चौरस मिलिमीटर. गळती 0.6 व्होल्टच्या आत आली. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्हीकडे, बॅटरीला अगदी चिकटून. फ्लिंडर्सला पोचलो तेव्हा 100 टक्के.

सोलरचं म्हणाल तर 200 वॉटचं घडीचं पॅनल घेतलं, भर दुपारीसुद्धा 150 च्या वर क्वचितच गेलं. ट्रेलर सावलीत हवा आणि पॅनल उन्हात, म्हणून 10 मीटरची वायर. पॅनलच्या पाठीवर चिकटवलेला रेग्युलेटर (बॅटरीत जाणारी वीज आटोक्यात ठेवणारा) मी काढून बॅटरीजवळ बसवला. नाहीतर या लांब वायरमध्ये पुन्हा तीच गळती. जूनमध्ये मात्र पॅनल म्हणजे शोभेची वस्तू. निलगिरीच्या झाडांतून ऊन येतं कुठे?

हाय कंट्रीत सकाळी उणे तीन. त्या दिवशी ऊन पॅनलवर पडलेलं, पण एक अँपही आत जाईना. बिघाड नव्हता: सेल शून्याखाली असताना चार्ज केले की कायमचे खराब होतात, म्हणून बीएमएसनेच, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटनेच, दार बंद केलं होतं. वापरायला मात्र वीज मिळत होती. साडेदहाला आपोआप सुरू झालं.

व्होल्टमीटरवर विसंबू नका. लिथियम भरलेली असो की अर्धी, आकडा तेराच्या आसपासच रेंगाळतो. शंट (आत-बाहेर जाणारे अँप मोजणारा तुकडा) लावलेला मॉनिटर घेतला, तोच या सगळ्या खरेदीत पैसे वसूल करणारा. सगळ्यात फुकट गेला तो 600 वॉटचा इन्व्हर्टर. खोबऱ्याच्या चटणीसाठी घरचा मिक्सर लावला, बटण फिरवताच इन्व्हर्टर बोंबलला. मोटर सुरू होतानाचा झटकाच त्याला पेलवेना. आता चटणी घरून वाटून नेतो, चहा गॅसवर. 240 व्होल्टची पक्की वायरिंग इथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करावी लागते, त्या भानगडीत मी पडलोच नाही. बॅटरीही झोपायच्या जागेत नाही, बाहेरच्या बंद पेटीत आहे.

दुसरी बॅटरी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मला अजून गरज पडलेली नाही. सध्याची डोकेदुखी वेगळीच: फ्लिंडर्सची तांबडी माती गाडी आणि ट्रेलरची वीज जोडणाऱ्या अँडरसन प्लगमध्ये घट्ट बसली आहे, आणि झाकण घ्यायचं मी दोनदा विसरलोय.