दार लागेना तेव्हा कळलं

दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीला, म्हणजे सिलला, खालून जॅक लावला, बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली, आणि मेकॅनिकने मुद्दाम उघडं ठेवलेलं दार ओढून घेतलं. दार लागलं नाही. खांबाला घासून अडकलं. जॅक उतरवल्यावर तेच दार अलगद बसलं. त्याने दोनदा करून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी मधून वाकतेय."

समुद्रापलीकडून मागवलेली ही एमजीबी रोडस्टर बंदरातून घरी येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. सगळे पैसे देऊन झाले होते. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण या व्यवहारात मी आंधळेपणाने काही केलं नाही. तपासता येण्यासारखं जे जे होतं ते तपासलं आणि ते खरं निघालं. खोटं होतं ते नेमकं तिथे, जिथे माझ्या वतीने बघणारा कोणी नव्हता.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. १७९८ सीसीचं साधं, दणकट इंजिन, बहुतेक गाड्यांना दोन एसयू कार्ब्युरेटर, वर उघडं आकाश. लाखोंनी बनल्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात, म्हणून जुन्या स्पोर्ट्‌स गाडीची हौस असणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. मीही केली. आवड गेलेली नाही, हे मुद्दाम सांगतो.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. त्यातून रोडस्टरला छप्पर नाही. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं काम मुख्यतः दारांखालच्या सिलवर येतं. सिल एकच पत्रा नसतो, आत एकामागे एक पत्रे असतात आणि गंज आतून बाहेर येतो. नीट काम करायचं तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग आणि दारामागचा कोपरा कापावा लागतो. ते टाळायचं असेल तर कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करतात, फटीत पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. माझ्या गाडीत हेच होतं. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दाराखालून फिरवला तर वीतभर जागेत तो कुठेच धरेना.

पण सिल हा फसवणुकीचा लहान भाग.

जाहिरातीत गाडी १९७२ची होती. १९७४च्या शरद ऋतूत एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले आणि अमेरिकेतल्या सुरक्षेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले. गाडीची उंचीही थोडी वाढवली. हौशी लोकांना क्रोमवाली हवी असते, म्हणून तिला भाव जास्त. रबरी बंपर काढून क्रोमचे बसवणं हे अनेक मालक राजरोस करतात आणि विकताना सांगतातही, त्यात गैर काही नाही. माझ्या विक्रेत्याने सांगितलं नाही. नंतरच्या गाडीला क्रोम चढवलं आणि इंजिनाच्या खणात १९७२च्या गाडीची चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी ठोकली. ती पट्टी रिव्हेटांवर बसते, काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. नंबरची सुरुवात बघून वर्ष कळेल असं वाटत असेल तर तेही नाही. रोडस्टरचा जीएचएन५ हा उपसर्ग १९६९ पासून पुढे बरीच वर्षं तोच राहिला. ऑनलाइन इतिहास तपासणाऱ्या सेवाही इथे फार उपयोगाच्या नाहीत. सतरा अक्षरांचा एकसारखा ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून आला, त्याआधी प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी.

मग कळलं कसं? बॅटरीवरून. क्रोमच्या काळातल्या एमजीबीत सीटमागे, जमिनीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. रबरी बंपर आले तेव्हा एकच बारा व्होल्टची बॅटरी आली. जुन्या मालकाने दोन्ही काढून एक मोठी बसवलेली असू शकते, पण मग दुसरा रिकामा खण जागेवर राहतो. माझ्या गाडीत दुसरा खण नव्हताच. मेकॅनिकने हे दाखवलं त्या रात्री मी खरेदीआधी करून घेतलेला तपासणीचा अहवाल पुन्हा उघडला. त्यातल्या खालून काढलेल्या फोटोंत दोन खण स्पष्ट दिसत होते. एक्झॉस्टच्या क्लॅम्पशेजारी ग्रीसचा अंगठ्याएवढा डागही होता, तो माझ्या गाडीत नव्हता. बाहेरचे फोटो माझ्या गाडीचे, खालचे दुसऱ्याच गाडीचे. बेचाळीस फोटो होते, आणि बाहेरचा रंग नि खालचा पत्रा एकत्र दिसेल असा त्यांत एकही नव्हता.

अहवाल 'स्वतंत्र' तपासनिसाचा होता. तो सुचवला विक्रेत्याने. मी फी भरली म्हणून तो माझा माणूस झाला असं मी धरून चाललो. ही माझी सर्वांत महाग पडलेली समजूत.

पाठवण्याचंही तसंच. "आमच्या नेहमीच्या फॉरवर्डरकडून पाठवू, स्वस्त पडेल," असं विक्रेता म्हणाला. फॉरवर्डर म्हणजे माल जहाजाने पाठवून देणारा एजंट. सौदा असा होता की तिसरा हिस्सा इसार आणि बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आल्यावर उरलेली रक्कम. प्रत आली. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा हा आधीच्या अक्षर-अंकांवरून गणित करून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. ते गणित मी केलं, जुळलं. जहाजाचं नाव खरं होतं, नकाशावर ते पुढे सरकताना मी रोज रात्री बघत होतो. पैसे पाठवले. आयबॅन पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, आणि ती विक्रेत्याच्या देशाची नव्हती, हे तेव्हाही दिसलं होतं. विचारलं, तर उत्तर आलं की निर्यातीचा हिशेब दुसरी कंपनी बघते. इथे पाणी मुरतंय हे कळायला हवं होतं, पण जहाज निघालं होतं आणि माझं मनही.

प्रत म्हणजे मूळ कागद नव्हे, याचा अर्थ बंदरात कळला. मूळ बिल ऑफ लेडिंग ज्याच्या हातात, माल त्याचा. बहुधा त्याच्या तीन मूळ प्रती निघतात. माझ्या तिन्ही प्रती फॉरवर्डरकडे होत्या, आणि जहाज लागल्यावर त्याने 'कागद सोडण्याचा' खर्च मागितला. कंटेनर फुकट ठेवण्याचे दिवस मोजकेच असतात, नंतर डेमरेज, म्हणजे उशिराचं भाडं, दिवसागणिक चढतं. भांडायला वेळ लागतो आणि वेळेचेच पैसे लागतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी भरले. विम्याचा कागद नीट वाचला तेव्हा दिसलं की गाडी पूर्ण नष्ट झाली तरच भरपाई होती, वाटेत लागलेल्या मारासाठी काहीच नाही.

तक्रार केली. बँक म्हणाली, खात्यात पैसे उरलेले नाहीत. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की गाडी तुम्हाला मिळालेली आहे, तेव्हा हा दिवाणी वाद दिसतो. गाडी आलीच नसती तर गुन्हा उघड होता. वाईट गाडी पाठवणं हे न पाठवण्यापेक्षा त्यांच्या सोयीचं आहे, हे मला त्या टेबलासमोर बसून समजलं. विक्रीच्या पावतीवर '१९७२' कुठेच नव्हतं. 'वापरलेली मोटारगाडी, आहे तशी' एवढंच. वर्ष, मूळ रंग, सिलचं काम, सगळं फोनवर बोललेलं. जाहिरात तोवर उतरवली होती आणि मी तिचा फोटो घेतला नव्हता.

ब्रिटनमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीबीच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. चासी नंबर दिला आणि शुल्क भरलं की ते प्रमाणपत्र देतात, त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर असतो. मी ते मागवलं, पण गाडी आल्यावर. त्यावरचा रंग माझ्या गाडीच्या कुठल्याच थराखाली सापडला नाही. हे इसार देण्याआधी हातात असतं तर तपासनिसाला विचारायला माझ्याकडे नेमका प्रश्न असता.

आता कोणी विचारलं तर मी एवढंच करायला लावतो: चासीच्या पट्टीपासून सुरू होऊन गाडीखाली जाणारा आणि पुन्हा पट्टीवर येणारा, मध्ये कुठेही न तोडलेला व्हिडिओ मागा. आणि तपासनीस व फॉरवर्डर स्वतः शोधा, विक्रेत्याने सुचवलेलं एकही नाव घेऊ नका. चांगला विक्रेता चिडत नाही, उलट वेळ ठरवून देतो.

गेल्या महिन्यात ओळखीतून एकाने एका एमजीबीचा तपासणी अहवाल माझ्याकडे पाठवला, बघून सांगा म्हणून. गाडी वेगळी, रंग वेगळा, तपासनिसाचं नाव वेगळं. खालचे फोटो उघडले. दोन बॅटऱ्यांचे खण होते, आणि एक्झॉस्टच्या क्लॅम्पशेजारी अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग. मी लगेच फोन लावला. इसार गेला होता, उरलेली रक्कम तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणार होता.