हँडहेल्ड डायनामोमीटर काही महिने वापरल्यावर: मशीन बरं, ऑटो-ऑफ आगाऊ

हँडहेल्ड डायनामोमीटर म्हणजे स्नायूचा जोर न्यूटनमध्ये मोजणारं, हातात मावणारं यंत्र. ते किती न्यूटनपर्यंत मोजतं, ब्लूटूथ आहे का, सोबत किती पॅड मिळतात, हे डीलरच्या पत्रकात छापलेलं असतं. ते इथे पुन्हा उगाळत नाही. किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण सर्व्हिसचं भांडण अजून मिटलेलं नाही.

मशीन वाईट नाही. पण दोन मिनिटं हात लावला नाही तर ते आपणहून बंद होतं आणि चालू करताना पॅडवर जो काही दाब असेल त्यालाच शून्य धरतं. वाचताना ही बारीकसारीक कुरकुर वाटेल. तशी ती नाही.

एसीएल (गुडघ्यातलं एक लिगामेंट) ऑपरेशननंतरची क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची, टेस्ट घ्या. पेशंट प्लिंथच्या (तपासणीच्या बाकाच्या) कडेला बसलेला, गुडघा ९० अंशांत, पॅड घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वर नडगीवर, आणि बेल्ट मागे प्लिंथच्या पायाला बांधलेला. बेल्ट हवाच. तगड्या माणसाची मांडी हातानं अडवायला गेलं तर आकडा त्याच्या मांडीचा न येता आपल्या खांद्याचा येतो. पॅड घसरू नये म्हणून बेल्ट थोडा ताणून ठेवावा लागतो. त्याचाच २५-३० न्यूटन दाब स्क्रीनवर दिसतो. पाच सेकंदांचा जोर, मिनिटभर विश्रांती, असे तीन प्रयत्न. त्या विश्रांतीत पेशंट विचारतो, "सिंहगड कधीपासून चढू?" उत्तर देईपर्यंत स्क्रीन काळी. बटण दाबलं की मशीन ताणलेल्या बेल्टसकट शून्यावर येतं आणि पुढचा प्रत्येक आकडा ३० न्यूटनांनी कमी दाखवतं. तशी कुठलीही सूचना नाही, बीपसुद्धा नाही.

आता हिशोब करा. ऑपरेशनचा पाय २४० न्यूटन, चांगला पाय २९०. एलएसआय (ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किती टक्के) ८३ टक्के, म्हणजे मैदानावर परतायला अजून वेळ आहे. हेच ३० न्यूटन फक्त चांगल्या पायातून गेले तर २४० भागिले २६०, म्हणजे ९२ टक्के. सगळीकडे धरली जाणारी ९० ची रेघ पार, आणि पेशंट शनिवारी टर्फवर फुटबॉल खेळायला मोकळा! उलट झालं, ऑपरेशनच्या पायातून गेले, तर ७२ टक्के येतात आणि नीट चाललेल्या माणसाला उगाच महिनाभर अडकवून ठेवलं जातं. बॅटरी वाचवण्यासाठी हा उद्योग. त्या बॅटरीची किंमत ती काय!

उपाय सोपा आहे, पण तो माहितीपुस्तिकेत नाही. मशीन कधीही ताणलेल्या बेल्टवर चालू करायचं नाही. बकल सोडा, पॅड मोकळा धरा, शून्य दिसू द्या, मग बेल्ट आवळा. प्रत्येक प्रयत्नाआधी स्क्रीनकडे बघा: बेल्ट ताणलेला असताना तिथे वीस-तीसचा आकडा दिसलाच पाहिजे. बेल्ट घट्ट आणि स्क्रीनवर शून्य असेल तर ते रीडिंग कागदावर उतरवूच नका.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एकच: "सर, ते फीचर आहे." कॅलिब्रेशनचा किस्सा त्याहून वरताण. घरच्या घरी तपासायला वैधमापन खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजनं पुरतात, कुठल्याही ओळखीच्या काट्यावाल्याकडून घटकाभर मागून आणा. मशीन उलटं, सपाट ठेवून पॅडच्या मधोमध वजन ठेवायचं. ५ किलोला ४९ न्यूटन, १० ला ९८, २० ला १९६ यायला हवेत. आमचं २० किलोला १८८ दाखवत होतं, म्हणजे चार टक्के कमी. दोन पायांच्या तुलनेत हा फरक कटतो, कारण दोन्हीकडे सारखाच कमी. पण मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना केली, किंवा वजनाच्या मानानं टॉर्क (जोर गुणिले सांध्यापासूनचं अंतर) काढला, की तो डोकं वर काढतो. मशीन पाठवलं, दोन्हीकडचा कुरिअर खर्च आमच्याच बोडक्यावर, वर जीएसटी. परत आलं ते सर्टिफिकेटसकट, पण दुरुस्तीआधीची रीडिंग्ज त्यात नाहीत, फक्त नंतरची. आधी किती चुकत होतं हे नोंदवलेलंच नसेल तर फाइलमधल्या जुन्या आकड्यांचं काय करायचं? पाठवण्याआधी दोन्ही रीडिंग्ज लेखी मागा, आणि लॅब एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली आहे का तेही विचारा.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि दोन तारे द्यायचं नक्की होतं. मग सर्व्हिसमधल्या एका भल्या माणसानं फोनवर सांगितलं की अॅपच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली ऑटो-ऑफ दहा मिनिटांवर नेता येतो. नेला. चालू करताना शून्य धरायची खोड तशीच आहे, पण टेस्टच्या मध्ये बंद पडणं थांबलं. तेव्हा तीन तारे.

तिसरा तारा खरं तर दुसऱ्याच कारणासाठी. कॉलेजात एमएमटी, म्हणजे हातानं अडवून ताकदीला ० ते ५ ग्रेड देणं, घोटून घेतात, आणि ग्रेड ३ पर्यंत ती पद्धत ठणठणीत आहे. पण क्वाड्रिसेप्ससारख्या मोठ्या स्नायूत नुसता पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलायला एकूण ताकदीचा लहानसा हिस्सा पुरतो. उरलेली सगळी ताकद ४ आणि ५ मध्ये कोंबलेली. मग "४ प्लस", "५ मायनस" अशी घासाघीस सुरू. आकडा मिळाला की ही घासाघीस थांबते आणि खरा प्रश्न पुढे येतो: आकडा कमी का आलाय?

समजा गुडघा थोडा सुजलेला आहे, स्वीप टेस्टमध्ये (गुडघ्यातलं पाणी हातानं सारून बघायची तपासणी) पाणी परत येताना दिसतंय आणि रीडिंग १६० न्यूटन. इथे लगेच लेग एक्स्टेन्शनचं वजन वाढवायची घाई नको. सांध्यातल्या सुजेमुळे मेंदू-मज्जारज्जूकडून क्वाड्रिसेप्सला जाणारा हुकूमच दबतो, यालाच इनहिबिशन म्हणतात. स्नायू असतो, पण पूर्ण कामाला लागत नाही. वीस मिनिटं बर्फ लावा आणि त्याच मांडणीत पुन्हा मोजा. १६० चे २१० झाले तर दुखणं इनहिबिशनचं. आधी सूज उतरवा, बर्फ किंवा टेन्सनंतर (त्वचेवरून दिलेल्या सौम्य विजेनंतर) लगेच व्यायाम घ्या. १६० चे १६५ झाले तर स्नायू बहुधा खरोखर वाळलाय, तिथे लोडच लागणार. जोर लावताना पटेलर टेंडनवर (गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर) बोट ठेवून "इथे दुखतं" म्हणाला तर आकडा दुखण्याचा आहे, ताकदीचा नाही. ग्राफ्ट (नव्या लिगामेंटसाठीचा तुकडा) तिथून काढला होता का बघा. तीन प्रयत्न १५०, २२०, १७० असे विखुरले तर भीती, अर्धवट समजलेली सूचना किंवा सैल बेल्ट यांतलं काहीतरी एक आहे. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाणं म्हणजे शुद्ध आळस.

हाताखाली इंटर्न असतील तर बटण दाबण्याआधी त्यांना अंदाज लिहायला लावा: किती येईल, आणि का. चाल पाहून, मांडीचा घेर मोजून, जिना उतरताना गुडघा कसा सांभाळतो ते बघून. अंदाज २५० आणि रीडिंग १७० आलं की त्या ऐंशीवर जी चर्चा होते तिची सर कुठल्याही वर्कशॉपच्या सर्टिफिकेटला नाही.

एक काम मात्र टाळू नका. आपल्या मांडणीची चूक किती, ते आपणच काढायचं. गुडघे धड असलेल्या दहा-बारा जणांना आठवड्याच्या अंतरानं दोनदा मोजा, प्रत्येकाचा फरक काढा, त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (ते किती विखुरलेत त्याचं माप) गुणिले १.९६. समजा ३५ न्यूटन आले, म्हणजे तेवढा फरक नुसत्या मोजण्यातल्या चुकीनंही पडू शकतो. मग २० न्यूटनांची वाढ ही प्रगती म्हणून पेशंटला सांगायची नाही, फी कितीही घेतलेली असो.

एलएसआयवरही फार विसंबू नका. महिनोन्‌महिने हालचाल कमी झाल्यानं चांगला पायही खंगतो, आणि टक्का फुकट सुधारतो. म्हणून टॉर्क लिहा: गुडघ्याच्या सांध्यापासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. ३०० न्यूटन गुणिले ०.३५ मीटर म्हणजे १०५ न्यूटन-मीटर. ७० किलोच्या माणसात किलोमागे दीड. पॅडची जागा पुढच्या वेळी तीच हवी, त्यामुळे अंतर फाइलवर लिहून ठेवा.

सोबत येणारा बेल्ट घेऊ नका, वेगळा पैसा लावत असतील तर मुळीच नाही. तो ताणतो, गुडघा ९० वरून ८० वर येतो आणि टेस्टच बदलते. पुण्याच्या बोहरी आळीत दोन इंची, न ताणणारी पॉलिस्टरची पट्टी आणि कॅम बकल घ्या. कंपनीच्या बेल्टच्या किमतीत असे बरेच होतील. बकल घेताना तिथेच पट्टी अडकवून जोरात ओढून बघा, घसरणारी निघतात. आणि प्लिंथ लाकडी, हलका असेल तर तो भिंतीला टेकवा, नाहीतर जोर लावल्यावर पेशंटसकट प्लिंथच पुढे सरकतो.