टॉक्सोप्लाझ्मा वाढवायचाय: व्हेरो की एचएफएफ?

टॉक्सोप्लाझ्मा हा शेळ्यामेंढ्यांत गर्भपात घडवणारा एकपेशी परजीवी जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, पण पेशी कोणाची याबाबत त्याचे फारसे नखरे नाहीत. नखरे आपले असतात. शेळ्यामेंढ्यांच्या गर्भपातावर काम सुरू केलं की हा प्रश्न येतोच, आणि मी दोन्ही सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) वापरल्या आहेत.

व्हेरो ही आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानात सुरू झालेली लाइन. कितीही पॅसेज करा (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून पुन्हा वाढवा), दमत नाही, गोठवा, पुन्हा उठते, गाजरगवतासारखी माजते. एलायझा या अँटिबॉडी चाचणीसाठी भरपूर अँटिजेन, म्हणजे परजीवीची प्रथिनं, हवं असेल तर मी आजही व्हेरोच काढेन. एचएफएफ म्हणजे माणसाच्या सुंतेत निघालेल्या कातडीतले फायब्रोब्लास्ट, कातडीला आधार देणाऱ्या पेशी. वाढ हळू, आणि वीसेक पॅसेजनंतर म्हातारपण. म्हणजे सुरुवातीच्या पॅसेजच्या व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवणं आलं.

तरी माझा कौल फिरला तो प्लाकमुळे, म्हणजे परजीवीनं पेशींच्या थरात पाडलेल्या भोकांमुळे. प्लाक उमटायला फ्लास्क आठवडाभर अजिबात न हलवता ठेवावा लागतो. आरएच हा टॉक्सोप्लाझ्माचा स्ट्रेन (वाण) साधारण दोन दिवसांत पेशी फोडून शेजारच्या पेशीत शिरतो, आणि थराला भोकं पडत जातात. व्हेरोला मात्र थांबणं ठाऊक नाही. थर गच्च भरला तरी विभागणी चालूच. पेशी एकमेकींवर चढतात, छोटे प्लाक बुजवतात, कडेनं सोलून निघतात. क्रिस्टल व्हायोलेट हा रंग टाकल्यावर हे भोक परजीवीचं की सुटलेल्या थराचं, यावर दोघांचे दोन आकडे येतात. याला मी खरोखर कंटाळलो. एचएफएफ थर भरला की गप्प बसतात, त्याही कित्येक आठवडे. शिवाय त्या इतक्या पसरट की साध्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखालीही रोझेटमधले (फुलासारख्या झुपक्यातले) चार, आठ टॅकिझोइट, म्हणजे परजीवीच्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी, मोजता येतात. कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला असेल आणि व्हेरोवरही सुबक प्लाक उठतील. तसं करणारे लोक आहेत.

प्रतिकारशक्तीवर काम असेल तर व्हेरोचा विचार फारसा करू नका, टाइप १ इंटरफेरॉन (संसर्गाची वर्दी देणारी प्रथिनं) त्या बनवतच नाहीत.

पुढे निओस्पोरा हा टॉक्सोप्लाझ्माचा जवळचा नातेवाईक वाढवायचा असेल तर पेशींइतकंच सीरमकडे बघा. गोवंशाच्या सीरममध्ये त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असू शकतात, म्हणून बरेच जण घोड्याचं सीरम घेतात.

नवखे असाल तर हात बसेपर्यंत व्हेरो वापरा. पेशी फोडून परजीवी बाहेर काढायला २७ गेजची सुई घ्याल तेव्हा जपून, आरएच माणसालाही सोडत नाही. आणि एचएफएफ मागवल्यात की पहिल्याच आठवड्यात व्हायल गोठवा.