डिस्चार्ज बुकातला एक उकार

शाळेत असताना ७ डिसेंबरला बाई वर्गात डबा फिरवायच्या. रुपया टाकला की लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा टाचणीने फ्रॉकला लावून मिळायचा. ध्वजदिन १९४९पासून चालू आहे. ते पैसे पुढे कुठे जातात हे मला कळायला वयाची शेहेचाळीस वर्षं जावी लागली. कळलं तेही आईच्या पासबुकातून.

माझे वडील १९६९ साली भरती झाले, ७१ची लढाई बघितली आणि १९७८मध्ये घरच्या अडचणीपायी स्वतःच अर्ज करून सुटून आले. नऊच वर्षं झाली होती, पेन्शनला पंधरा लागतात. गावात सगळे त्यांना ‘फौजी’ म्हणायचे आणि सगळ्यांना वाटायचं, यांना काय, सरकार पोसतंय. ते गेल्यावर आईच्या हातात एक काळी ट्रंक आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारी नोंदवही, एवढंच राहिलं.

अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीत असलेल्यांना मदत मिळते. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याचा, पेन्शन नसलेला, पासष्टच्या पुढचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा, असा नियम. पैसे रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून येतात, आणि त्या निधीत ध्वजदिनाचे पैसे असतात. म्हणजे ते डब्यातले. आम्ही अर्ज केला तेव्हा महिन्याला ४,००० होते. १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ८,००० केले आहेत. पेपरात ते छापून आल्यापासून आई दर चार दिवसांनी विचारते, “माजं आठ कधी गं?”

आता मुद्द्याचं. योजना चांगली आहे, पैसे खरोखर मिळतात, मध्ये कुणाला चहापाणी द्यावं लागलं नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, मग जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात मूळ कागद दाखवायचे. तिथून तो राज्याकडे, राज्याकडून दिल्लीला. ऐकायला सोपं आहे. आमचं अडलं एका उकारावर. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव अनसूया, आधार कार्डावर अनुसया. कार्यालयातल्या बाबूंनी पहिल्यांदा परत पाठवलं ते ‘नाव जुळत नाही’ एवढंच सांगून. काय आणायचं ते सांगितलं नाही. मी प्रतिज्ञापत्र करून नेलं तर म्हणाले, ग्रामपंचायतीचा दाखला कुठाय? तो नेला तर म्हणाले, रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाचं पत्र लागेल. हे तिन्ही पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर सदुसष्ट वर्षांच्या बाईच्या एसटीच्या चार खेपा वाचल्या असत्या. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जिल्हा बदलला तर बाबू बदलतात, चिठ्ठी न देण्याची रीत बदलेल असं मला वाटत नाही.

गाडं हललं ते सैनिक कार्यालयाच्याच एका कल्याण संघटकामुळे. स्वतः निवृत्त सुभेदार. महिन्यातून एकदा तालुक्याला येऊन बसायचे. त्यांनी डिस्चार्ज बुक हातात घेतलं, सवयीने आधी शेवटची पानं उघडली आणि वडिलांच्या पलटणीचं नाव वाचून आईला म्हणाले, “काकी, बसा आधी. पाणी घ्या.” मग रेकॉर्ड ऑफिसला जायचं पत्र स्वतः इंग्रजीत लिहून दिलं, आर्मी नंबर दोनदा तपासून. कार्यालयात चार खेपा मारल्या तेव्हा आईला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

अर्ज केल्यापासून पैसे यायला सगळे मिळून अकरा महिने लागले. दर महिन्याला येतील असं वाटलं होतं, पण आले एकदम ४८,०००. आईने पासबुक भरून आणलं आणि तो आकडा मला तीनदा वाचायला लावला. मग दोन्ही कानांना मशीन घेतलं. आता सुनांचं सगळं ऐकू येतं, हा त्या योजनेचा दोष मानायचा की नाही ते माहीत नाही.

नोकरीच्या बाजूला मात्र मी हात आखडता घेऊन गुण देईन. माझे मिस्टर ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत व्हेइकल मेकॅनिक, नाईक या हुद्द्यावरून सतरा वर्षांनी सदतिसाव्या वर्षी बाहेर पडले. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, सुटायच्या आधी करायचे. जवानांना फी नाही, चोवीस आठवड्यांपर्यंतचे मिळतात. यांना गाड्यांशी संबंधित काहीतरी हवं होतं, वाट्याला आली ती सिक्युरिटीची वेकन्सी. मग सुटलेल्या जवानांना नोकरी मिळवून देणाऱ्या आर्मी वेल्फेअर प्लेसमेंटमध्ये नाव नोंदवलं, फोन आले तेही गार्डचेच. टाट्राचं, म्हणजे फौजेच्या अवजड ट्रकचं इंजिन डोळे मिटून उघडणारा माणूस चार वर्षं एका सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसला. चेअरमनची गाडी आत येताना आवाज ऐकून हे सांगायचे, “साहेब, इंजेक्टर बघून घ्या.” दोनदा खरं निघालं. तिसऱ्या वेळी चेअरमननेच त्यांना आपल्या मेव्हण्याच्या गॅरेजात नेलं, आणि आज ते तिथेच आहेत. ही नोकरी लावण्यात कुठल्याच संस्थेचा हात नाही. राज्य सरकारच्या क आणि ड वर्गात माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी दोनदा परीक्षाही दिली. पण वीस वर्षांनी पुन्हा अंकगणित करायला बसलेल्या माणसाला शिकवणीला कुणी पैसे देत नाही. मला विचाराल तर मदत तिथे हवी.

मुलीच्या शिक्षणाचं थोडक्यात सांगते. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना महिन्याला ३,००० आहेत, मुलांना २,५००. बारावीला ६० टक्के लागतात, आणि कोर्स व्यावसायिक पदवीचा हवा. इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएड असलं काही. साधं बीएस्सी बसत नाही. आमच्या बाईसाहेबांना नेमकं तेच करायचंय. मग हवालदारापर्यंतच्यांसाठी जी शिक्षण ग्रँट आहे तिचा अर्ज करायचा. ती आता महिन्याला २,००० आहे, दोन मुलांपर्यंत.

पाचपैकी गुण द्यायचे तर पैशाच्या मदतीला चार, कागदपत्रं बघणाऱ्यांच्या वागणुकीला दीड, नोकरीला दोन.

आईचे पैसे आल्याचं वाडीवस्तीवर पसरलं. गेल्या महिन्यात तिघीजणी आपापलं डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी आल्या. दोघींच्या नावात घोळ आहे, त्यांचे अर्ज मी लिहून दिले. तिसरीचं लग्नच बुकात नोंदलेलं नाही. तिला घेऊन पुढच्या मंगळवारी सुभेदारसाहेबांकडे जायचंय.