गावाला जाताना पक्षी कोणाकडे ठेवावा : शेजारी, नातेवाईक की पैसे घेऊन सांभाळणारे?

दिवाळीत किंवा मे महिन्यात बडोद्यातली मराठी कुटुंबे आठ-दहा दिवसांसाठी पुण्या-मुंबईकडे निघतात, तेव्हा घरात पक्षी असेल तर किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी, पिंजराच नातेवाइकांकडे पोहोचवावा, की पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांकडे सोपवावा, असा प्रश्न पडतो. येथे विचार खांद्यावर बसण्याइतक्या माणसाळलेल्या, एकट्या कॉकटीलचा (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचा) केला आहे. बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, त्या बजींची जोडी असेल तर काम सोपे असते, कारण त्यांना एकमेकांची सोबत असते.

शेजाऱ्यांकडे किल्ली देण्यात पक्ष्याची जागा, उजेड आणि ओळखीचे आवाज बदलत नाहीत, हा मोठा फायदा. मात्र शेजारच्या काकू दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास आल्या, तरी उरलेले २३ तास तो एकटा असतो, आणि सकाळी पाण्याची वाटी लवंडली तर ते संध्याकाळपर्यंत कोणाला कळत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खिडक्या लावून घेतलेला फ्लॅट त्याला सोसणार नाही. दिवाळीत अडचण वेगळी: फटाक्याच्या आवाजाने कॉकटील अंधारात बिथरून पिंजऱ्यात धडपडतो, पंखांची पिसे मोडून रक्त येते, आणि अशा वेळी दिवा लावून हलक्या आवाजात बोलणारे माणूस घरातच असावे लागते. मंद दिवा रात्रभर लावून ठेवल्याने काही प्रमाणात भागते, पूर्ण नाही.

नातेवाइकांकडे दिवसभर माणसांचा वावर असतो आणि माणसाळलेल्या पक्ष्याला तोच हवा असतो. धोके असतात ते त्या घराच्या सवयींचे. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. पिंजरा देवघराजवळ असेल तर उदबत्तीचा धूरही बाधतो. मुले कौतुकाने चॉकलेट किंवा फराळातला खारट चिवडा पुढे करतात. मावशीच्या घरी जाऊन तिच्या तव्याविषयी बोलणे अवघड वाटते, पण ते बोलावेच, आणि पक्ष्याला पिंजऱ्याबाहेर काढू नये हेही स्पष्ट सांगावे, कारण चालू पंखा आणि उघडे दार यांची आठवण दर वेळी पाहुणचार करणाऱ्याला राहील असे नाही.

पैसे घेऊन सांभाळणाऱ्या बहुतेक ठिकाणी कुत्र्यांची संख्या जास्त असते. आमचा कॉकटील अशा एका ठिकाणी आठ दिवस राहिला. खोली वेगळी होती, पण भिंतीपलीकडे सतत भुंकणे चालू असे. जाताना ९४ ग्रॅम असलेला पक्षी ८५ ग्रॅमचा होऊन परतला. इतक्या लहान जिवाच्या बाबतीत ही घट किरकोळ नव्हे. शिवाय इतर पक्षी असतील तर श्वसनाचे आजार आणि पिसांतले किडे यांचा संसर्ग होऊ शकतो. तरीही पक्ष्याचे औषध चालू असेल, किंवा नातेवाइकांकडे मांजर असेल, तर पक्ष्यांची खरोखर माहिती असलेला सांभाळणारा शोधणेच योग्य. (आपला देशी हिरवा पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.)

माझ्या मते उन्हाळा आणि दिवाळी सोडून दोन रात्रींपुरते जायचे असेल तर शेजारी पुरेसे आहेत. त्याहून अधिक दिवसांसाठी नातेवाईकच बरे. मात्र निघण्यापूर्वी एक रात्र त्याला तिथे ठेवून पाहावे आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटाही सोबत द्यावा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे रोज सकाळी दाणे देण्यापूर्वी त्याला पिंजऱ्यातल्या छोट्या डब्यात बसवून वजन करावे, पिंजऱ्याखालच्या कागदावरची विष्ठा पाहावी आणि दोन्हींचे फोटो आपल्याला पाठवावेत, एवढे काम सांभाळणाऱ्याकडून आधीच कबूल करून घ्यावे.