एमपीव्ही सॉकेटवरून चालवताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून लिहून काढणं हे माझं रोजचं काम. पूर्वी दर वाक्याला हात प्लेअरच्या खिडकीकडे जायचा: थांबवा, पाच सेकंद मागे घ्या, परत एडिटरमध्ये या. आठ महिन्यांपूर्वी हे सगळं एका पायथन स्क्रिप्टवर सोपवलं. ती एमपीव्ही या मीडिया प्लेअरशी सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅमना आपसात निरोप देता येणाऱ्या जोडणीवरून, बोलते. आता एडिटर न सोडता एका कळीवर ऑडिओ मागे जातो आणि दुसऱ्या कळीवर चालू वेळ मजकुरात उमटते.

मांडणी सोपी आहे. प्लेअर सुरू करताना 'इनपुट-आयपीसी-सर्व्हर' या पर्यायाला पाथ द्यायचा. लिनक्सवर तिथे युनिक्स सॉकेट तयार होतं. विंडोजवर त्याऐवजी नेम्ड पाइप असतो, काम तेच. सोबत 'आयडल' दिलं की यादी संपली तरी प्लेअर बंद होत नाही. मग कमांड जेसन या ठरावीक मजकूर-रचनेत एका ओळीत पाठवायची, शेवटी न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण. ही न्यूलाइन राहिली तर काहीच घडत नाही, एररसुद्धा येत नाही. माझा पहिला तास त्यातच गेला.

त्याआधी मी एमप्लेअर या दुसऱ्या प्लेअरचा स्लेव्ह मोड, म्हणजे बाहेरून कमांड घेण्याची सोय, वापरत होते. त्यात कमांड फिफो या एकेरी वाटेच्या फाइलीतून जायची आणि उत्तर स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे प्रोग्रॅम एरवी मजकूर छापतो तिथे, इतर मजकुरात मिसळून यायचं. एमपीव्हीत जिथून विचारलं तिथूनच उत्तर येतं. पण त्याच सॉकेटवर प्लेअरचे इव्हेंट, म्हणजे काय घडलं याच्या न विचारता येणाऱ्या सूचनाही येत राहतात, आणि खरं काम इथून सुरू होतं. 'टाइम-पॉस' (ऑडिओची चालू वेळ) विचारल्यावर पुढची ओळ म्हणजे त्याचंच उत्तर, असं मी धरून चालले होते. कधी मधेच 'सीक'चा (ऑडिओ मागे-पुढे नेल्याचा) इव्हेंट यायचा आणि वेळेच्या जागी रिकामं पडायचं. प्रत्येक प्रश्नाला वेगळा 'रिक्वेस्ट-आयडी' दिला, उत्तरात तोच आकडा परत आला की तेवढंच उचललं, बाकी ओळी इव्हेंटच्या रांगेत टाकल्या. तेव्हापासून वेळ एकदाही चुकलेली नाही.

दुसरी अडचण देवनागरीची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या फाइलींची नावं मराठीत आहेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि सॉकेटमधून एका वाचनात किती बाइट हाती येतील याची खात्री नसते. तुकडा चिन्हाच्या मधोमध तुटला की डिकोड करताना, म्हणजे बाइटांची परत अक्षरं करताना, स्क्रिप्ट कोसळायची. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली असती तर हा दोष कधीच दिसला नसता. उपाय क्रमाचा आहे: आधी बाइट साठवा, न्यूलाइनवर तोडा, आणि पूर्ण ओळ हाती आल्यावरच डिकोड करा.

फाइल उघडायच्या 'लोडफाइल' कमांडला 'सक्सेस' मिळालं म्हणजे फाइल उघडली असं नाही. तेव्हाच कालावधी विचारला तर 'प्रॉपर्टी अनअव्हेलेबल', म्हणजे माहिती अजून उपलब्ध नाही, असं उत्तर मिळतं. 'फाइल-लोडेड' इव्हेंटची वाट पाहावी. थांबवण्यासाठी 'सायकल पॉज'ऐवजी 'पॉज'ची किंमत थेट ठरवून द्यावी. सायकल आत्ताची स्थिती उलटवते, त्यामुळे कमांड चुकून दोनदा गेली की थांबलेला ऑडिओ परत सुरू होतो.

व्हीएलसी या प्लेअरचा आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोल, इंटरफेसही काही दिवस वापरून पाहिला. टर्मिनलमध्ये हातानं कमांड द्यायला तो छान आहे, पण त्याची उत्तरं साधा मजकूर असल्यामुळे कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं हे स्क्रिप्टला ओळखणं जड जातं.

एक सावधगिरी मात्र कळकळीनं सांगते. या सॉकेटला पासवर्ड नाही, आणि एमपीव्हीच्या कमांडमध्ये 'रन' आहे, म्हणजे बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम चालवता येतो. सॉकेटपर्यंत जो पोचला तो तुमच्या खात्याच्या हक्कानं काहीही करू शकतो. म्हणून ते नेटवर्कवर उघडं करू नका. मी सॉकेट सगळ्यांच्या टेंप फोल्डरमधून काढून रनटाइम फोल्डरमध्ये नेलं, तो फक्त माझ्या खात्यालाच उघडता येतो. पाथ आखूड ठेवावा लागतो, लिनक्सवर त्याला १०८ बाइटांचीच जागा असते. प्लेअर किल झाला, म्हणजे जबरदस्तीनं बंद केला गेला, तर सॉकेटची फाइल तिथेच उरते, म्हणून स्क्रिप्ट फाइल आहे का एवढंच पाहत नाही. जोडून बघते, आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' (पलीकडे ऐकणारं कोणी नाही) आलं तर नवा प्लेअर सुरू करते.