2038 चा बग दुरुस्त करणारी कंपनी: टूलवालीत पैसे टाकायचे की सर्व्हिसवालीत?

2038 मध्ये जुन्या सिस्टीमची तारीख चुकणार आहे, तो बग काढून देणाऱ्या छोट्या कंपनीत पैसे टाकायचे म्हणताय तर आधी बघा ती विकते काय, टूल की माणसांचे तास. वायटूकेच्या वेळी, म्हणजे 2000 साल लागताना जुन्या सिस्टीमची तारीख चुकेल अशी भीती होती तेव्हा, या दोन प्रकारांचं नशीब एकदम वेगळं निघालं.

टूलवाली ऐकायला भारी वाटते, एकदा सॉफ्टवेअर बनवलं की लायसन्स विकत बसायचं, मार्जिन तगडं. अमेरिकेत 1996-97 ला लोक याच हिशोबाने तुटून पडले. कॅलिफोर्नियातल्या झायटेलचा मूळ धंदा डेटा स्टोरेजचा, पण कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या मॅट्रिडाइम कंपनीत तिचा थोडा हिस्सा होता, तेवढ्यावर शेअर कितीतरी पट चढला आणि मग पडला तो पडलाच. वायटूकेचीच टूल विकणाऱ्या पेरिटसचा आयपीओ 1997 चा, आणि गंमत बघा, तिची घसरण 2000 ची वाट बघत थांबली नाही. कारण मोठ्या बँकांनी टूल घ्यायची ती आधीच घेतली होती, पुढचा पैसा टेस्टिंगला आणि माणसांना जात होता, आणि कित्येकांनी जुनी सिस्टीमच फेकून नवीन बसवली. अनंत चतुर्दशीनंतर मखर कोण घेणार?

सर्व्हिसवालीत मार्जिन कमी, पोरं सोडून जातात, एकाच क्लायंटवर दुकान चालू असतं, हे सगळं खरंय. पण क्लायंटचा जुना कोड आतून माहीत होतो आणि पुढचं काम तिथूनच मिळतं. टीसीएस, इन्फोसिस वायटूकेच्याच कामातून कित्येक अमेरिकन कंपन्यांत शिरल्या आणि 2000 नंतरही टिकल्या, आपल्या पुण्यात 1981 ला सुरू झालेली इन्फोसिस तर मार्च 1999 मध्येच नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारात गेली होती.

आता 2038. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद 32 बिटमध्ये मोजणारी सिस्टीम 19 जानेवारी 2038 ला आपल्या सकाळी 8:44:07 नंतर आकडा मावत नाही म्हणून उलटी 1901 मध्ये जाते. पण यात टूलवाल्याची गोची अशी की बराचसा इलाज फुकट मिळतो, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) 2020 च्या 5.6 व्हर्जनपासून याची सोय आहे, लिनक्सवरच चालणाऱ्या डेबियन 13 ने पण जवळजवळ सगळीकडे 64 बिट, म्हणजे मोठ्या आकड्यात मावणारी वेळ आणली. उरतात ती मीटर, राउटर, फॅक्टरीतले कंट्रोलर, जिथे सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रामच सापडत नाही. सोर्स नसताना फर्मवेअरमधला (यंत्रातच भरलेल्या सॉफ्टवेअरमधला) बग शोधून देणारं टूल असेल तर मी पण दोनदा विचार करेन, नुसतं कोड स्कॅन करणारं असेल तर सोडून द्या.

माझं मत सर्व्हिसवालीकडे, पण तिथेही तारखेच्या कामाशिवाय मिळणारी कमाई निम्म्याच्या आसपास तरी हवी. आणि अनलिस्टेड शेअर असेल तर बायबॅकची, म्हणजे कंपनी शेअर परत विकत घेईल ती तारीख लिहून घ्या, 2034-35 च्या पुढची नको, पेरिटसवाल्यांना पण वाटलं होतं अजून वेळ आहे.